जुनी जिप्सी मधूनच ‘मिसिंग’ का करते? दोष असा शोधा

१९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी आजही घाटात आणि जंगल सफारीत दिसते. जुन्या पेट्रोल जिप्सीची एक तक्रार मात्र नेहमीची: रस्त्यावर झटके देते, गॅरेजमध्ये सुरळीत चालते. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटलं नाही की असं होतं. यालाच मिसफायर म्हणतात. घाटात ओव्हरटेक करताना अशी ताकद गेली, तर जिवावर बेतू शकतं.

अंदाजाने पार्ट बदलण्याआधी गाडी मिसिंग कधी करते, ते नोंदवा.

• पावसात, पाण्यातून गेल्यावर: डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये ओल किंवा तडा, प्लगच्या खराब वायरी
• इंजिन तापल्यावर: इग्निशन कॉइल
• चढावर: चोंदलेला पेट्रोल फिल्टर, झिजलेले प्लग
• खडबडीत रस्त्यावर: सैल वायर, कच्चं अर्थिंग

एकाच सिलिंडरवर संशय असेल, तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. मिसिंगही तिकडे गेलं, तर दोष प्लगचाच. नाही गेलं, तर वायर आणि कॅप तपासा. इंजिन चालू असताना प्लगच्या वायरीला हात लावू नका; तिच्यात हजारो व्होल्ट असतात.