घोरपड पाळता येते का? घरात शिरली तर काय करायचं?

परदेशातली माणसं काचेच्या पेटीत घोरपड ठेवून तिला उंदीर भरवतात, असे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. ते बघून आपली पोरं बांधावर सापडलेलं पिल्लू घरी आणतात. आपल्याकडे घोरपड पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये ती वाघाच्या शेजारी आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

शिवाय पिंजऱ्यात तिचे हालच होतात. तिला भरपूर ऊन लागतं, उकरायला माती लागते. किडे, खेकडे, उंदीर, अंडी असं सगळं ती खाते. नुसते मटणाचे तुकडे टाकले तर कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ होतात.

गोठ्यात शिरली तर कुत्रं बांधा, गर्दी हटवा, दार उघडं ठेवा. वाट दिसली की जाते. काठीने डिवचाल तर शेपटीचा फटका बसेल. जीभ सापासारखी दुभंगलेली म्हणून लोक तिला विषारी समजतात. तशी भीती नाही, पण चावली तर जखम साबणाने धुवा आणि दवाखान्यात जा.

विहिरीत पडली, जखमी असली किंवा पिल्लू आधीच घरी आणलं असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

कोंबडीची अंडी खाते, ही तक्रार खरी आहे. खुराड्याला बारीक जाळी मारा. शेतातले उंदीरही तीच खाते.

आणि बाजारात 'हत्था जोडी' म्हणून जे मूळ विकतात, ते पुष्कळदा नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. घेणाराही अडकतो.