वसईतील रविवारची मिस्सा

वसई धर्मप्रांतातील कॅथलिक धर्मग्रामांमध्ये रविवारी होणारी मुख्य सामुदायिक उपासना म्हणजे मिस्सा. बायबलवाचन, प्रवचन व ख्रिस्तप्रसाद हे तिचे प्रमुख भाग होत. नियोजित विवाहांची घोषणाही याच वेळी केली जाते. कोणाची हरकत असल्यास ती धर्मगुरूंना कळवावी, हा तिचा हेतू.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) हा विधी लॅटिनमध्ये होत असे, पुढे तो मराठीत आला. हा बदल मोठाच. तथापि सामवेदी (कादोडी) वा वाडवळी बोलणाऱ्या कुटुंबांना वेदीवरील प्रमाण मराठीही शिकूनच घ्यावी लागते. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आजारपणाची विचारपूस आणि लग्नाच्या वाटाघाटी मात्र बोलीतच चालतात.