‘रेस्टॉरंट’ : एका शब्दाची जन्मकथा

‘रेस्टॉरंट’ म्हणजे पैसे देऊन जेवण्याची जागा, हें आज शाळकरी मुलासहि ठाऊक आहे. परंतु हा शब्द आरंभीं कोणत्याहि जागेचा वाचक नव्हता. तो वाटींतल्या एका पदार्थाचा वाचक होता.

फ्रेंच भाषेंत ‘रेस्तोरे’ या क्रियापदाचा अर्थ पूर्वस्थितीस आणणें, गेलेली शक्ति परत देणें असा आहे. त्यावरून ‘रेस्तोराँ’ म्हणजे शक्ति परत देणारें. मांस मंद आंचेवर दीर्घकाळ शिजवून काढलेल्या कसदार रसास हें नांव असे, आणि अशक्त माणसास तो रस पथ्य म्हणून देत. म्हणजे या शब्दाचें माहेर जितकें पाकशास्त्र, तितकेंच वैद्यकहि.

१७६० नंतरच्या दशकांत पॅरिस शहरीं असा रस विकणारीं दुकानें निघालीं. त्यापूर्वीं खानावळींत ठरल्या वेळीं एकाच लांब मेजाभोवतीं बसून पुढें येईल तें खावें लागे. नव्या दुकानांत मात्र सोयीच्या वेळीं यावें, स्वतंत्र मेजाशीं बसावें आणि यादींतून हवें तें मागवावें, अशी सोय झाली. हळूहळू रसाचें नांव दुकानासच चिकटलें.

पहिलें दुकान कोणाचें? १७६५ सालीं बूलांजे नांवाच्या गृहस्थानें मेंढीचे पाय रश्शांत घालून विकले, खानावळवाल्यांच्या संघानें त्याजवर फिर्याद केली व तो जिंकला, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. परंतु रेबेका स्पँग या विदुषीनें २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, तिला तत्कालीन दप्तरांत या खटल्याचा मागमूसहि लागला नाहीं. तिच्या मतें या धंद्याचा खरा प्रवर्तक माथ्यूरँ रोझ द शांत्वाझो. त्याचा उपक्रम १७६६ चा.

दुसरी समजूत अशी कीं, १७८९ च्या राज्यक्रांतीनें उमरावांचे आचारी बेकार झाले व त्यांतून हीं भोजनगृहें जन्मलीं. क्रांतीनें त्यांची संख्या वाढविली, हें खरें. पण जन्म वीस वर्षें आधींच झाला होता. आंत्वान बोव्हिलिए याचें नामांकित भोजनगृहहि क्रांतीपूर्वींचेंच.

गोड कथा खरी असावी असें वाटणें स्वाभाविक आहे. तथापि इतिहासास पुरावा लागतो. आणि येथें पुराव्यानें सांगितलेली हकीकत कथेहून कमी रुचकर नाहीं. आपला ‘उपाहारगृह’ हा शब्द तेथें काय मिळतें तें सांगतो. फ्रेंच शब्द, थकलेला माणूस तेथें कशासाठीं जातो, तें सांगतो.