सर्व मनुष्यांची बुद्धी एकच काय? तेराव्या शतकातील एक वाद

अनेक देहांत एकच मन, अधिक काटेकोरपणे बोलायचे तर एकच बुद्धी, असू शकेल काय? या प्रश्नाने तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात मोठी खळबळ माजविली. त्याचे मूळ कॉर्दोबाच्या इब्न रुश्दने (११२६–११९८) ॲरिस्टॉटलवर लिहिलेल्या भाष्यात होते. त्याचा युक्तिवाद सहज उडवून लावण्याजोगा नव्हे. गुरूने शिकविलेला भूमितीचा सिद्धांत शिष्यास उमगतो तेव्हा दोघांस कळलेले सत्य एकच असते. बुद्धी देहागणिक निराळी असती तर ते सत्यही निराळे झाले असते. म्हणून ज्ञान ग्रहण करणारी बुद्धी सर्वांची मिळून एक. कल्पना व स्मृती मात्र ज्याच्या त्याच्या आणि देहाबरोबर नाश पावणाऱ्या.

वाचकांस येथे अद्वैताची आठवण होईल. साम्य आहे, पण बेताचे. वेदान्ती ज्यास एक म्हणतो तो साक्षी आत्मा. विचार करणारे अंतःकरण तो देहागणिक वेगळेच मानतो. इब्न रुश्दने विचाराचे स्थानच एक केले.

ब्राबांतचा सिजेर हा या मताचा पॅरिसमधील प्रमुख पुरस्कर्ता. १२७० साली थॉमस अक्वायनसने या मताविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यात श्रद्धेच्या वचनांचा आधार जाणूनबुजून बाजूस ठेवला. हे धैर्य आम्हांस विशेष वाटते. त्याचा मुद्दा साधा आहे: हा समोरचा मनुष्य समजून घेतो, हे नाकारता येत नाही. भिंतीचा रंग डोळ्यास दिसतो म्हणून भिंत पाहते असे कोणी म्हणत नाही. तद्वत् माझ्या मनातील चित्रांवरून दुसरीच एखादी बुद्धी समजत असेल, तर मी केवळ भिंत ठरतो. मग पाप कोणाचे, पश्चात्ताप कोणी करावा, आणि मृताच्या घरी सांत्वनास गेलेल्या धर्मशिक्षकाने कोणाच्या पुनरुत्थानाची आशा द्यावी?

त्याच वर्षी १० डिसेंबरला पॅरिसच्या बिशपांनी तेरा मते त्याज्य ठरविली. पहिले हेच होते. ७ मार्च १२७७ रोजी ही यादी २१९ वर गेली, आणि तिची झळ खुद्द थॉमसच्या काही मतांस लागली. ती १३२५ मध्ये दूर करण्यात आली.

सिजेरने पुढील लेखनात आपली भूमिका बरीच बदलली. दान्तेने आपल्या महाकाव्यात त्यास स्वर्गात थॉमसच्या शेजारी स्थान दिले, आणि त्याचा गौरव थॉमसच्याच मुखी घातला.