बकेट पुढं, वजन मागं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं वेल्डिंगचं शेड आहे. वडील इथं बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचे, मी उसाच्या ट्रॉल्या बांधत आलो. अलीकडं मात्र दारात उभे राहतात ते जुने ट्रॅक्टर. कुणाला पुढं डोझर हवा असतो, कुणाला बंपरवर वजनं, आणि वीटभट्टीवाल्यांना, गोठेवाल्यांना लोडर. गिऱ्हाइकाचं बोलणं ठरलेलं असतं: "मिस्त्री, जेसीबीगत करून द्या." मी हसतो. जेसीबी हीच मुळात अशा एका शेडात ट्रॅक्टरला जोडजोड करत घडलेली गोष्ट आहे.

इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये उटॉक्सिटर नावाचं गाव आहे. तिथं २३ ऑक्टोबर १९४५ ला जोसेफ सिरिल बॅमफर्ड, म्हणजेच जे. सी. बी., या माणसानं १२ बाय १५ फुटांचं गॅरेज आठवड्याला ३० शिलिंग भाड्यानं घेतलं. माझं शेड त्याहून मोठं आहे. जवळ १ पौंडाला घेतलेलं जुनं वेल्डिंग मशीन. महायुद्ध नुकतंच संपलेलं, लष्करी भंगाराचे ढीग पडलेले. त्या भंगारातून त्यानं शेतकऱ्यासाठी उलटी करता येणारी ट्रॉली केली आणि ४५ पौंडांना विकली. म्हणजे सुरुवात ट्रॉलीपासून, आमच्यासारखीच. १९४९ मध्ये त्यानं फोर्डसन मेजर या शेतीच्या ट्रॅक्टरच्या तोंडाला हायड्रॉलिकवर उचलणारं बकेट बसवलं. त्याचं नाव मेजर लोडर. शेण, माती, बीट, जे फावड्यानं भरावं लागायचं ते ट्रॅक्टर उचलू लागला.

इथून खरी भानगड सुरू होते. ट्रॅक्टर हे ओढण्यासाठी केलेलं यंत्र आहे, उचलण्यासाठी नव्हे. पुढं भरलेलं बकेट वर गेलं की सगळा भार पुढच्या बारक्या चाकांवर येतो आणि मागची मोठी चाकं हलकी होतात. ब्रेक मागच्या चाकांना, जोर मागच्या चाकांचा, आणि नेमकी तीच जमिनीवर नीट टेकत नाहीत. उतारावर ब्रेक दाबला तरी गाडी घसरत जाते. बकेट उंच धरून वळण घेतलं तर ट्रॅक्टर कुशीवरच जातो. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओझं मागं जास्त झालं तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. पुढं जास्त झालं तर बैल मानेनं मरतात. भरणारा जाणता असेल तर पोती मागंपुढं सरकवून तोल साधतो. ट्रॅक्टरची पोती सरकवता येत नाहीत, म्हणून वजन वेगळं आणून लावायचं.

बॅमफर्डनं १९५३ मध्ये ट्रॅक्टरच्या मागं खोदणारा हात बसवला. त्याच्याआधी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये व्हेनो होलोपेनन आणि रॉय हँडी यांनी फोर्डच्या छोट्या ट्रॅक्टरला असा हात लावून १९४८ पासून विकायला काढला होता, त्यामुळं पहिलेपणाचा मान एकट्या बॅमफर्डला देता येत नाही. पण पुढं बकेट आणि मागं हात ही जोडी त्याच्या १९५७ च्या 'हायड्रा-डिगा'त पक्की बसली. तिचं मला कौतुक वाटतं ते एका कारणासाठी. मागचा जड लोखंडी हात खोदत नसतानाही कामाला लागलेला असतो, कारण तो पुढच्या बकेटचा तोल धरतो. नुसत्या लोडरला जे मुकं वजन मागं टांगावं लागतं, त्याच्या जागी कमावतं वजन आलं. भारतात ही पिवळी गाडी १९७९ मध्ये आली, तीही एस्कॉर्ट्स या ट्रॅक्टरवाल्या कंपनीच्या भागीदारीत.

ट्रॅक्टरच्या वजनाचा वाद याहून जुना आहे. १९१७ मध्ये हेन्री फोर्डचा फोर्डसन निघाला. सव्वा टनाचा, स्वस्त, आणि त्याला चॅसी नव्हती. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स हेच एकमेकांना बोल्टांनी जोडून त्याचं अंग केलेलं. मागं दोरखंडानं बांधल्यासारखा नांगर ओढायचा. नांगर खडकाला अडला की चाकं थांबेनात, आणि मग ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या धुरीभोवती फिरून तोंड वर करायचा. चालक खाली सापडून मेल्याच्या घटना इतक्या झाल्या की तो ट्रॅक्टर त्यासाठीच बदनाम झाला.

त्याच काळात आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन सरकारी कामानिमित्त शेतोशेती ट्रॅक्टरचे नांगर पाहत फिरत होता. त्यानं ओळखलं की दोष वजनाचा नाही, जोडणीचा आहे. नांगर मागं ओढत नेण्याऐवजी त्यानं तो दोन खालच्या आणि एका वरच्या दांडीनं ट्रॅक्टरलाच बांधला. मातीत नांगराला जितका जोर लागेल तितकी वरची दांडी ट्रॅक्टरला पुढं रेटते आणि तोंड खाली दाबून ठेवते. नांगराचा भार मागच्या चाकांवर पडतो. म्हणजे लागेल तेव्हा वजन येतं, काम संपलं की जातं. १९३८ मध्ये फोर्ड आणि फर्ग्युसन यांनी यावर नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. कागद नव्हता. त्याची किंमत पुढं कोर्टात मोजली गेली आणि १९५२ मध्ये फोर्ड कंपनीला फर्ग्युसनला ९२.५ लाख डॉलर द्यावे लागले. फर्ग्युसनचा स्वतःचा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनला. त्याच घराण्यातला मॅसी ३५, आणि त्याच्यावरून चेन्नईच्या टाफेनं केलेली मॅसी १०३५. आमच्या भागात अजून पाचातला एखादा जुना ट्रॅक्टर तोच असावा, असं माझ्या शेडातल्या गर्दीवरून वाटतं.

फर्ग्युसनची युक्ती बिनतोड होती, पण फक्त नांगरासाठी. ट्रॉलीला तिचा काही फायदा नाही आणि लोडरला तर उलट. गंमत म्हणजे त्याच्या कंपनीनंही पुढं आपल्या हलक्या ट्रॅक्टरला लोडर विकलाच. वजनाशिवाय भागेल म्हणणाऱ्याच्या ट्रॅक्टरला लोकांनी वजनं टांगली.

रबरी चाकांनी यात भर घातली. १९३२ मध्ये अमेरिकेच्या ॲलिस-चामर्सनं ट्रॅक्टरला हवेचे टायर दिले. लोखंडी दात गेले, वेग आला. पुढच्याच वर्षी बार्नी ओल्डफिल्ड या शर्यतवाल्यानं त्यांचा ट्रॅक्टर ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळवून दाखवला, अर्थात जाहिरातीसाठी. पण रबर मातीत घसरू लागलं. तेव्हा चाकांना बिडाच्या चकत्या आल्या आणि टायरमध्ये पाणी भरणं आलं. थंड मुलखात पाणी गोठतं म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, आणि ते रिम खाऊन टाकतं. आपल्याकडं साधं पाणी चालतं. चाक जॅकवर घ्यायचं, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणायचा, आतली पिन काढून पाइप लावायचा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी पाणी आलं की पाऊण टायर भरला, बाकीची हवा. १२.४-२८ च्या टायरमध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. दोन्ही चाकांचं मिळून तीनशे किलो झालं, आणि खर्च पाण्याच्या टाकीचा.

उसाच्या हंगामात आमच्याकडं उलटा आजार असतो. दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या चढावर निघालेला ट्रॅक्टर तोंड उचलतो. मग कुणी बंपरवर दगड बांधतं, कुणी पोरं बसवतं. पोरं बसवणाऱ्याला मी दारातच शिव्या देतो. कोल्हापुरात फौंड्र्यांना तोटा नाही, पुढच्या वजनाच्या बिडाच्या प्लेटा सहज ओतून मिळतात. पण वजनाआधी हूक बघावा. हूक मागच्या धुरीपेक्षा वर असेल तर कितीही बीड लावलं तरी तोंड उठणारच. खाली घेतला की निम्मा आजार जातो.

लोडर बसवताना फोर्डसनच्या वेळची ती बिनचॅसीची रचना नडते. अजूनही बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चॅसी नाही. लोडरचे खांब नुसते क्लच हाउसिंगला बोल्टले तर थोड्या महिन्यांत तिथं तडा जातो आणि ट्रॅक्टर कंबरेत मोडतो. माझ्याकडं असे दोन तुकडे टेम्पोतून आले आहेत. म्हणून पुढच्या बोल्स्टरपासून मागच्या एक्सल हाउसिंगपर्यंत दोन्ही बाजूंनी सबफ्रेम ओढावी लागते. काम वाढतं, गिऱ्हाईक कुरकुरतं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीवर बकेट भरलं की स्टिअरिंग फिरता फिरत नाही, किंगपिन आणि हबचे बेअरिंग लवकर जातात, तेही आधीच सांगून ठेवतो.

फर्ग्युसनचं एक म्हणणं मला पटतं: गरज नसताना वागवलेलं वजन डिझेल पितं आणि जमीन दाबतं. काळ्या रानात हे लगेच दिसतं, चाकोरीतलं पीक बुटकं राहतं. चिखलणीला तर पाणी भरलेलं चाक घेऊन उतरणाऱ्यानं दुसरा ट्रॅक्टर आधीच बोलावून ठेवावा.

तेव्हा जुन्या ट्रॅक्टरला लोडर लावायचा असेल तर बकेटचं माप सांगत येऊ नका. मागं काय टांगणार ते आधी ठरवून या. तीन दांड्यांवर सिमेंट ओतलेलं पिंप चालेल, चाकात पाणी चालेल, दोन्ही असेल तर उत्तम. बकेट भरून चालताना ते गुडघ्याच्या वर नेऊ नका. आणि लोडर उतरवला की त्याच दिवशी पिंपही उतरवा.