पाण्याचा हिशेब : लाकूड, भिंत आणि रंगकामाच्या अभ्यासाची प्रस्तावना

अमरावती-अकोल्याची कितीतरी मुले आता टोरांटो, शिकागो, मिनियापोलिस अशा थंड गावांत घरे घेऊन राहतात. घर घेतले की थोड्याच दिवसांत दोन कामे निघतात. मागच्या लाकडी डेकला स्टेन लावायचे असते आणि तळघराच्या भिंती रंगवायच्या असतात. मग व्हिडिओ कॉलवर वडिलांना भिंत दाखवली जाते. वडील म्हणतात, ‘‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो बाबा? तिथल्याच माणसाला विचार.’’ वडिलांचा हा नम्रपणा अनाठायी आहे. बर्फ सोडला तर लाकडाला आणि भिंतीला तिथे जे सोसावे लागते ते सगळे वऱ्हाडात आहे, आणि काही बाबतींत चढे आहे. पुढची पाने त्या मुलांसाठी आहेत. परतवाड्यात पॉलिशचे काम शिकणाऱ्या पोरासाठी आहेत. आणि जुना वाडा पाडावा की राखावा या घोळात पडलेल्या घरमालकासाठीही आहेत. या विषयात शिरायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. बोटाने भिंत चाचपायची सवय लागते.

विषयाचे सूत्र एका वाक्यात मावते. लाकूड आणि भिंत दोन्ही हवेतले व जमिनीतले पाणी घेतात आणि सोडतात. तेल, लाख, स्टेन, चुना, रंग यांचे पहिले काम या येण्याजाण्यावर लक्ष ठेवण्याचे. छटा कोणती निवडायची हा प्रश्न त्यानंतरचा. दुकानदार मात्र शेड कार्ड आधी समोर धरतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आधी लाकूड. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली येते. अशा हवेत ठेवलेले लाकूड सुकत सुकत चार टक्के ओलाव्याच्या आसपास येऊन थांबते. ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशीच्या वर गेली की तेच लाकूड सोळा-सतरा टक्क्यांकडे निघते. आता टोरांटोचा जानेवारी पाहा. बाहेर उणे दहा अंश. त्या हवेत बाष्प मुळातच थोडे. तीच हवा घरात आणून 21 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास घसरते. म्हणजे सागवानी दाराच्या दृष्टीने अकोल्याचा वैशाख आणि टोरांटोच्या घरातला जानेवारी हे एकच हवामान आहे. थंड देशातल्या घरांचे अर्धे दुखणे थंडीचे नसून कोरडेपणाचे असते, आणि कोरडेपणा आम्हाला कोणी शिकवायला नको.

याचा आकडाही काढता येतो. सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांत मोडते. तरीही ओल्या खोडापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत ते वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आक्रसते. सपाट चिरलेली 25 सेंटिमीटर रुंदीची फळी चार टक्क्यांवरून सोळा टक्क्यांपर्यंत पुरती पोचली, तर तिची रुंदी पाच मिलिमीटरहून जास्त वाढेल. पॉलिश ही हालचाल थांबवत नाही, तिचा वेग कमी करते. म्हणून जाणता सुतार दाराच्या चौकटीत पॅनेल बसवताना खाचेत जागा सोडतो आणि तिथे सरस लावत नाही. पॅनेल सरसाने जखडले की एक तर ते उन्हाळ्यात तडकते, नाही तर पावसाळ्यात चौकट फाकवते.

याची खूण घरोघरी सापडते. पावसाळ्यात पॉलिश केलेले पॅनेलचे दार मे महिन्यात नीट पाहा. पॅनेलच्या उभ्या कडेला, चौकटीला लागून, दोरीएवढी एक फिकट कोरी पट्टी दिसेल. पॉलिश लावले तेव्हा तेवढा भाग फुगलेल्या अवस्थेत खाचेत दडलेला होता. लाकूड आक्रसले आणि तो बाहेर आला. मिनेसोटातल्या घरात हीच पट्टी फेब्रुवारीत दिसते आणि मालक रंगाऱ्याला बोल लावतो. उपाय दोन्हीकडे एकच. पॅनेलला स्टेनचा आणि पॉलिशचा पहिला हात चौकटीत बसवण्याआधीच, चारी कडांसकट मारायचा.

वऱ्हाडाला सागवानाचे अप्रूप नाही, कारण मेळघाट दाराशी आहे. परतवाड्याचा लाकूडबाजार आणि तिथले फर्निचर विदर्भभर माहीत आहे. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, त्यांमुळे वाळवी, म्हणजे आपली उदई, त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण बाहेरच्या पांढरट भागात हा गुण नसतो, आणि आज बाजारात ‘सागवान’ म्हणून जे मिळते त्यात तो भाग बराच असतो. त्यावर गडद स्टेन मारून गाभ्यासारखा दाखवणे सोपे असते. उदईला मात्र असे फसवता येत नाही. दुसरी गंमत अशी की गाभ्यातली हीच द्रव्ये काही तेलांना आणि वार्निशांना नीट वाळू देत नाहीत. सागावरचे वार्निश आठवडाभर चिकट राहिले तर डबा परत करायला धावू नये. आधी थिनरच्या फडक्याने पृष्ठभाग पुसला होता का, ते आठवावे.

जवसाचे तेल हा या साऱ्या शास्त्राचा आदिपुरुष. विदर्भात रब्बीला जवस होतो, आणि त्याचे शिजवलेले तेल रंगाऱ्यांच्या तोंडी बेल तेल म्हणून आहे. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. दारावर पसरलेल्या पातळ थराला त्याचे काही वाटत नाही, पण तेलाने भिजलेल्या फडक्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर आतली उष्णता साचत जाते आणि तो आपोआप पेट घेऊ शकतो. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये हा धोका आणखी वाढतो. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत, नाही तर पाण्याच्या बादलीत टाकावीत. या पुस्तकातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे मात्र राहू द्यावे.

जवसाच्या तेलात लोहयुक्त माती घालून लाकूड रंगवण्याची रीत जगभर आहे. स्वीडनमध्ये फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या तांबड्या मातीचा रंग पीठ, पाणी आणि थोडे जवसाचे तेल घालून शिजवतात. तिथली लाकडी घरे शतकानुशतके त्याच तांबड्या रंगात उभी आहेत. आमच्याकडचा गेरू आणि काव त्याच लोहाच्या जातीचे. फालूनचा रंग टिकतो याचे कारण तो लाकडावर बंद कातडे चढवत नाही. आत गेलेले पाणी त्यातून बाहेर येऊ शकते. चकचकीत जाड थर दिला की फटीतून शिरलेले पाणी आत अडकते. थंड देशात ते गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि थर उचलून टाकते. अमरावतीत ते गोठत नाही, पण ऊन लागल्यावर त्याची वाफ होते आणि फोड येतात. म्हणून उघड्यावरच्या डेकला किंवा गॅलरीच्या कठड्याला मुरणारे स्टेन द्यावे आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा एक हात मारावा, असे माझे ठाम मत आहे. थर चढवणारे वार्निश जिथे पाऊस पोचत नाही तिथेच ठेवावे.

लाखेचे पॉलिश वेगळ्या स्वभावाचे. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने हातावर हात चढवत जायचे. वाळते झटपट, दिसते देखणे, आणि गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग धरते. त्याचा खरा शत्रू दमट दिवस. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि पॉलिश धुरकट होते. चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर आहे आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस धुक्यात असतो. तिथे श्रावणात लाखेचे काम काढणारा पॉलिशवाला एक तर नवखा असतो, नाही तर उधारीत बुडालेला. अभ्यासूंनी चिखलदऱ्याला मुद्दाम एकदा पावसात आणि एकदा जानेवारीत जावे. वऱ्हाडातल्या वऱ्हाडात थंड प्रदेशाचे धडे तिथेच मिळतात.

आता भिंतीकडे. तळघर म्हटले की आम्हाला परके वाटते, पण धान्याची पेवे आणि भिंतीतली बळदे वऱ्हाडाने पिढ्यान्‌पिढ्या वापरली. पेव उंचावरच्या कोरड्या जागी खणत, कारण जमिनीखालची खोली कोरडी राखायची तर आधी जागा निवडावी लागते, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये हाही जुना दंडक. साचलेल्या वायूने माणसे दगावत. बंद तळघरात तेलाचा रंग किंवा थिनर वापरणाऱ्याला हाच नियम लागू आहे. आधी खिडकी, पंखा, हवेची ये-जा. मग डब्याचे झाकण. पेवात दिवा सोडून हवा पाहत, तसे इथे मात्र करू नये. थिनरची वाफ पेटते.

भिंतीवरच्या ओलीचा खरा वर्ग पूर्णेच्या खोऱ्यात भरतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूच्या गावांत भूजलच खारे. तेच पाणी बांधकामाला वापरले, की विटेत आणि दर्जेत क्षार जातात. पायातून वर चढणारी ओल आणखी क्षार आणते. पाणी भिंतीच्या तोंडाशी येऊन उडून जाते, मीठ मागे राहते, त्याचे स्फटिक होतात आणि रंगाला आतून ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. जोत्यापासून तीन-चार फुटांपर्यंत पोपडे, त्याखाली पिठासारखी भुकटी. ती भुकटी जिभेला खारट लागते.

अशा भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून महागडा इमल्शन मारणे म्हणजे पैसे भिंतीत जिरवणे. काही जण खालचे चार फूट सिमेंटने बंद करून टाकतात; मग ओल त्या सिमेंटच्या मागून वर सरकते आणि पाचव्या फुटावर डोके काढते. टोरांटोच्या तळघरातही काँक्रीटच्या भिंतीवर पांढरी फुले येतात, ती हीच. तिथेही आतून लावलेला ‘वॉटरप्रूफ’ रंग बाहेरच्या मातीतले पाणी फार काळ थोपवू शकत नाही. आधी पन्हाळीचे पाणी घरापासून लांब सोडायचे, जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, आणि मग कुंचला हातात घ्यायचा. जुना रंगारी भिंतीवर तळवा टेकवून सांगतो, ‘‘भाऊ, भित आजून वली हाय.’’ घरमालकाला वाटते, गडी काम लांबवतोय.

तळव्यावर विश्वास नसेल त्याच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर एक रात्र ठेवावा. सकाळी थेंब कागदाच्या आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर ते खोलीतल्या हवेचे. थंड भिंतीवर बाष्प बसते आहे. पहिल्या दुखण्याला निचरा लागतो, दुसऱ्याला हवा खेळती ठेवावी लागते किंवा हवेतला दमटपणा काढणारे यंत्र. दोन्हींवर एकच रंग विकणारे पुष्कळ आहेत.

चुन्याबद्दल मी थोडा पक्षपाती आहे, हे वाचकाने धरून चालावे. विझवलेला चुना भिंतीवर बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. त्याचा थर सच्छिद्र असतो, ओल बाहेर जाऊ देतो, आणि ताजा असताना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला थारा देत नाही. दरसाल दिवाळीआधी घराला चुना देण्याच्या चालीत हे सगळे आपोआप साधत होते. चुना ओल बरी करत नाही, पण ती लपवतही नाही, आणि लोणा लागलेल्या भिंतीवर खर्च करायचाच असेल तर तो झाडून पुन्हा मारता येईल अशा वस्तूवर करावा. नव्या चुन्यावर किंवा ओल्या सिमेंटवर तेलाचा रंग मात्र कधी देऊ नये. अल्क आणि तेल एकत्र आले की साबण होतो, आणि रंग चिकट होऊन सुटतो.

जुने घर राखणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या तेलरंगांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. तो रंग कोरडा घासू नये, दिव्याने जाळू नये. पाणी मारून खरवडावा, आणि लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवावे.

पुढचे शिक्षण घ्यायचे असेल तर फार लांब जावे लागत नाही. 1942 मध्ये सुरू झालेली नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था (आता विद्यापीठ) तेले आणि रंगलेपन यांचे शास्त्र शिकवत आली आहे. लाखेचा अभ्यास रांचीला 1924 पासून चालतो, लाकडाचा देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत. पण पुस्तकाआधी घरे वाचावीत. कारंजा लाडच्या काष्ठासंघ मंदिरातले कोरीव लाकूड पाहावे. अमरावतीच्या परकोटाच्या आतल्या गल्ल्यांत जे वाडे उरले आहेत तिथे खांबाखालचा दगडी तळखडा पाहावा. लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून तो आहे, आणि त्याचे काम कुठलाही रंग करू शकत नाही.

सगळ्यात मोठे काम अजून बाकी आहे. दर्यापूरकडचा रंगारी खाऱ्या पाण्यात चुना कालवताना काय बदल करतो, डिंक किती घालतो, की पावसाचे पाणी साठवून वापरतो? परतवाड्याचा पॉलिशवाला मे महिन्यात स्पिरिट लवकर उडू नये म्हणून कामाची कोणती वेळ धरतो? हे ज्यांना माहीत आहे ते लिहीत नाहीत, आणि जे लिहितात त्यांनी कुंचला धरलेला नसतो. वही-पेन्सिल, ओलावा मोजायचे साधे पिनवाले मीटर आणि एक ओळखीचे दार एवढ्यावर सुरुवात होते. त्या दाराची रुंदी आणि ओलावा एका मे महिन्यापासून दुसऱ्या मे महिन्यापर्यंत दर पंधरवड्याला लिहून ठेवावा. टोरांटोतल्या कोणी आपल्या दाराचे तसेच आकडे जानेवारी ते जानेवारी घ्यावेत आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवावेत.