रोप घरचं होतं तेव्हा

आमच्या संगमनेर तालुक्यात आज टोमॅटोचं रोप घरी करणारा शेतकरी शोधावा लागतो. रोपवाटिकेत नाव नोंदवायचं, आगाऊ पैसे द्यायचे, पंचवीसेक दिवसांनी गाडी दारात येते. माझ्या लहानपणी रोप विकत आणतो म्हटलं असतं तर लोक हसले असते. रोप मागायचं नाहीतर द्यायचं. मिरचीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून बाई शेजारणीकडं जायची आणि वांग्याची घेऊन यायची.

वाफा असायचा विहिरीच्या थारोळ्याजवळ, पाणी आयतं म्हणून. बी आजीच्या ताब्यात. झाडावर पिवळं पडेस्तोवर राखलेलं वांगं फोडून बी धुवायचं, राखेत घोळून वाळवायचं. भोपळ्याच्या बिया शेणात कालवून भिंतीला थापायच्या. काकडी-दोडक्याचं बी रात्रभर भिजवून फडक्यात बांधायचं नि चुलीमागं उबेला ठेवायचं. मोड दिसला की मग माती. घरात रोप करायची विद्या बाहेरून आली असं सांगणारे भेटतात, त्यांना ही चुलीमागची पुरचुंडी ठाऊक नसावी. तिकडं अकोल्याच्या डोंगरात भातासाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेणी रचून उन्हाळ्यात पेटवायचं, म्हणजे तणाचं बी आणि किडे जळतात आणि तिथंच रोप टाकायचं.

१९७२ च्या दुष्काळानं ही घडी मोडली. विहीर आटली, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. वाफा पडलाच नाही. भिंतीवरच्या बिया आम्ही भाजून खाल्ल्या. पुढं पाऊस झाला, पण आजीचं बी परत आलं नाही.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ सालचं. तिथून गादीवाफा आला: तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच. बी फेकायचं नाही, ओळीत टाकायचं. पाणी निथळतं, त्यामुळं रोपं बुडाशी कुजून कोलमडायची ती कमी झाली. मग संकरित बी आलं, दहा ग्रॅमच्या पुडीत. इतक्या महागाचं बी वाफ्यात कोण उधळील? एकेक दाणा मोजून टाकायची पाळी आली, तेव्हा ९८ कप्प्यांचे ट्रे आले आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट. पुनर्लागण करताना मुळं तुटत नाहीत, हा त्याचा खरा फायदा.

बी टाकल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लास्टिक कागदानं झाकतात. अंधारात ऊब धरून चार-पाच दिवसांत कोंब येतो. कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे उजेडात पसरायचे. एक दिवस उशीर झाला की देठ लांबतो, आणि एकदा लांबलेलं रोप पुन्हा आखूड होत नाही. वर शेडनेट, कडेनं पांढऱ्या माशीसाठी बारीक जाळी. शेवटच्या आठवड्यात पाणी कमी करायचं, थोडं ऊन दाखवायचं, म्हणजे रोप कणखर होतं. घेताना एखादं उपटून बघा. मुळं पांढरी हवीत.

एका वर्षी मागणी फार होती. एका रोपवाटिकेनं दिवस उलटून गेलेली रोपं आमच्या गळ्यात मारली. मुळं कप्प्यात गोल फिरून तांबडी पडलेली. दीड एकर लावलं, ते वाढलंच नाही. पावतीवर ना वाण, ना बी टाकल्याची तारीख. रोपवाटिकांचा कायदा १९६९ सालचा आहे, पण तो फळझाडांसाठी. भाजीवाल्यानं जायचं कुणाकडं?

२०२० मध्ये सरकारनं भाजीपाल्याच्या रोपवाटिकांसाठी निम्म्या अनुदानाची योजना काढली, नाव दिलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं. त्यांचं चोंडी आमच्याच जिल्ह्यात, आणि आता जिल्ह्यालाही त्यांचंच नाव. त्याच साली अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली, गावठी बियांची बँक उभी केली म्हणून. शाळेत न गेलेल्या बाईनं ते केलं. मला त्यात आमची आजी दिसते. तिच्या हयातीत मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं.

संकरित टोमॅटोचं बी घरी धरून जमत नाही, पुढच्या वर्षी फळ तसं येत नाही. म्हणून बियाला बाजारात जावंच लागतं. रोपासाठी मात्र आम्ही जायचं थांबवलंय. यंदा सूनबाईनं ट्रे ओसरीतच भरले, प्रत्येकावर खडूनं तारीख टाकली. आज एकविसावा दिवस आहे. कालपासून तिनं पाणी कमी केलंय.